ढकल्याचा गुडघा

मालकाच्या खोलीत पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर तो फोटो होता. चांगला माणसाएवढा. त्यात हातोडा स्टिक उंचावून, तोंड वासून धावतोय, मागे गोलची जाळी फुगलेली. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला, शेवटच्या मिनिटातला गोल. येणारा पाहुणा आधी फोटोकडे बघायचा, मग खुर्चीतल्या माणसाकडे, आणि त्या दोघांमधलं वीस वर्षांचं नि वीस किलोंचं अंतर आपल्या चेहऱ्यावर दिसू नये म्हणून घाईघाईने हात पुढे करायचा. हातोड्याला आता त्याची सवय झाली होती.

फोटोच्या अगदी डाव्या कडेला, चौकटीने कापलेला, एक गुडघा होता. पट्टी बांधलेला. त्याच्याखाली स्टिकचं वाकडं टोक. बाकीचा माणूस चौकटीबाहेर राहिला होता. तो गुडघा ढकल्याचा.

हॉकीतला पेनल्टी कॉर्नर ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर, गोलच्या बाजूला शेवटच्या रेषेवर एक जण वाकून उभा राहतो आणि चेंडू ढकलतो. समोर, अर्धगोलाच्या टोकाला, दुसरा तो अडवतो. तिसरा धावत येऊन तो गोलमध्ये हाणतो. टाळ्या तिसऱ्याला, फोटो तिसऱ्याचा. ढकलणाऱ्याच्या वाट्याला फार तर कंबरदुखी येते. हातोडा अकरा वर्षं तिसरा होता आणि ढकल्या अकरा वर्षं पहिला. वर्तमानपत्रांनी एकाला हातोडा म्हटलं, सोबतच्यांनी दुसऱ्याला ढकल्या म्हटलं, आणि दोघांची खरी नावं पासपोर्टापुरती उरली.

हातोडा तेव्हापासूनच लहरी. ठरलेला बेत ऐन वेळी मोडायचा. सगळे जागेवर उभे राहिल्यावर त्याच्या मनात काहीतरी यायचं आणि तो उजव्या मांडीवर दोनदा थाप मारायचा. म्हणजे ठरलेलं सोडा, चेंडू सरळ मला. अडवणारा शेजारीच असायचा, त्याला ती थाप ऐकू जायची. ढकल्या लांब, म्हणून त्याने स्वतःला एक सवय लावून घेतली होती. वाकल्यावर, चेंडू सोडायच्या आधी, मान वर करून एकदा हातोड्याकडे बघायचं. तो त्याला ‘शेवटची नजर’ म्हणायचा. अकरा वर्षांत ती नजर एकदाही चुकली नाही. विश्वचषकाचा तो गोलही मूळ बेतात नव्हताच, दोन थापांवर झाला होता.

खेळ सुटल्यावर हातोड्याने काही वर्षं फिती कापल्या, शाळांमधून भाषणं ठोकली, दाढीच्या साबणाच्या जाहिरातीत गाल चोळले. मग सिमेंटचा एक बडा व्यापारी त्याला भेटायला आला. सगळे त्या व्यापाऱ्याला शेठ म्हणत. लीगमधला एक संघ विकायला निघाला होता. शेठ म्हणाले, “पैशांचं मी बघतो. तुम्ही फक्त तुमचं नाव द्या आणि पुढच्या खुर्चीत बसा.” हातोड्याला वाटलं, चला, पुन्हा मैदान. बिचाऱ्याला खुर्ची हा शब्द ऐकूच आला नव्हता.

संघाचा मालक होणं म्हणजे काय, हे त्याला पहिल्याच हंगामात कळून चुकलं. गाड्या लावायचे पास कुणाला द्यायचे, टोपीवरचं बोधचिन्ह डावीकडे की मधोमध, बसमधला पंखा कुणी मोडला, मैदान भिजवायचा पंप सामन्याच्या दिवशीच का बिघडतो, असल्या गोष्टींनी त्याच्या नाकी नऊ आणले. सकाळी खेळाडू सरावाला उतरले की तो खिडकीशी उभा राहायचा. ओल्या टर्फवर चेंडू सरकल्याचा आवाज वरपर्यंत यायचा आणि त्याची बोटं आपोआप वळायची. मग दारावर टकटक व्हायची आणि कुणीतरी सही मागायला आत यायचं.

प्रशिक्षक म्हणून त्याने ढकल्यालाच आणलं होतं. दुसरा कुणी त्याच्या डोक्यात आलाच नाही. ढकल्याने एकच अट घातली.

“हे बघ हातोड्या, तुला मी ओळखून आहे. तुझा हात शिवशिवणार. तू खाली आलास की पोरं माझ्याकडे बघायची बंद होतील.”

“नाही येणार. मैदान तुझं. मी वर काचेमागे बसेन.”

“शब्द?”

“शब्द दिला.”

आणि हातोड्याने तो पाळला, हे त्याच्या बाजूने म्हणायलाच हवं. जवळजवळ तीन हंगाम तो काचेमागे बसला. आवाज आत येत नसे. खाली माणसं धावायची, पडायची, ओरडायची, आणि वर ऐकू यायची ती फक्त वातानुकूलन यंत्राची घरघर. शेजारी शेठ बिस्किटं खात विचारायचे, “हे आता आपल्या बाजूने झालं की विरुद्ध?” हातोडा उत्तर द्यायचा आणि मांडीखाली हात दाबून बसायचा.

तिसऱ्या हंगामात संघ घसरला. दोघे बिनीचे खेळाडू जखमी झाले, एक सोडून गेला, आणि शेवटचा सामना उरला तेव्हा हिशोब अगदी सरळ होता. बरोबरी झाली तर लीगमध्ये राहायचं. हरलो तर खालच्या गटात जायचं, जिथे सामने बघायला खेळाडूंच्या आया येतात आणि त्याही उन्हं उतरल्यावर.

तीन मिनिटं राहिली होती आणि संघ एका गोलने मागे होता. हातोडा उठला. आपण उठलो हे त्याला शेठनी “कुठे?” म्हणून विचारल्यावर कळलं. जिना उतरून तो प्रशिक्षकाच्या बाकामागच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. तिथे पोचताच आवाज अंगावर आला. शिट्ट्या, शिव्या, स्टिकवर स्टिक. अडीच वर्षांनी कानातले बोळे निघावेत तसं त्याला झालं. ढकल्याने मागे वळून बघितलंच नाही, तो मैदानात गुंतला होता.

शेवटच्या काही सेकंदांत कॉर्नर मिळाला. वेळ संपल्याचा भोंगा झाला, पण मिळालेला कॉर्नर पुरा होऊ देतात. म्हणजे सबंध हंगामाचा एकच चेंडू राहिला होता. ढकल्याने मानेमागून हात फिरवला. ठरलेली खूण होती ती, चेंडू डावीकडे द्यायचा. मारणारा धावायचं नुसतं नाटक करेल, समोरचे त्याच्यावर तुटून पडतील आणि डावीकडचा मोकळा राहील. महिनाभर घोटलेला बेत होता. सगळे जागेवर उभे राहिले.

रेषेवर वाकलेला पोरगा बावीस वर्षांचा, अंगाने चिमट्यासारखा, आणि सगळे त्याला चिमटाच म्हणायचे. त्याला ढकल्याने स्वतः घडवला होता. वाकायचं कसं, मनगट सैल कुठे सोडायचं, सगळं. आणि स्वतःची जुनी सवयही दिली होती. चेंडू सोडायच्या आधी मान वर करून एकदा बाकाकडे बघायचं. शेवटची नजर. जुन्या खुणाही त्याने तशाच शिकवल्या होत्या. वीस वर्षं त्या त्याच्या अंगात होत्या, दुसऱ्या कुठून आणणार?

चिमट्याने मान वर केली.

ढकल्या वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याच्या मागे, पायरीवर, हातोडा उभा होता.

चेंडू सुटला तो सरळ. डावीकडे सरकलेला अडवणारा नुसता वळून बघत राहिला. मारणारा नाटकाचं धावून पुढे निघून गेला होता. रिकाम्या जागेतून चेंडू सावकाश, कुणाचंच देणं लागत नसल्यासारखा, अर्धगोलाबाहेर घरंगळत गेला. पाच मीटर पुढे गेल्यावर पंचांनी कॉर्नर संपल्याची शिट्टी वाजवली.

बातमीदारांनी ढकल्याला जाळीपाशीच गाठलं. शेवटी काय झालं, पोरगा गडबडला का? ढकल्याने चिमट्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला मागे सारलं आणि म्हणाला, “पोराची काही चूक नाही. इशारा माझा चुकला. लिहा तसं.” हातोडा चार हातांवर उभा होता. ढकल्याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि खेळाडूंच्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओवाली हातोड्याच्या दारात आली. सामन्यांचं चित्रण करून खेळाडूंना त्यांच्या चुका दाखवणं हे तिचं काम. ती कमी बोलायची, कारण तिची यंत्रंच भरपूर बोलायची.

“साहेब, एक बघून घ्या,” म्हणत तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला.

पडद्यावर बाक होता. ढकल्या वाकलेला, मागे हातोडा. पोट थोडं पुढे, डोळे फाटलेले, ओठ आवळलेले. उजवा हात वर गेला आणि मांडीवर पडला. एकदा, पुन्हा एकदा.

हातोड्याला खरंच आठवत नव्हतं. तीन वेळा त्याने ते मागे नेऊन बघितलं. तिसऱ्या वेळी त्याला मांडीवर चुरचुरल्यासारखं झालं.

“हे कुणी बघितलंय?”

“अजून कुणी नाही. तुम्हाला आधी दाखवावं म्हटलं.” तिने लॅपटॉप मिटला. “चित्रण ठेवू ना?”

“ठेव,” तो म्हणाला. “बघू नंतर.”

त्या ‘बघू नंतर’ने सगळा घोळ केला. त्या सकाळी तो उठून ढकल्याच्या घरी गेला असता तर वीस मिनिटांचा रस्ता होता. पण आधी चिमट्याला धीर द्यावा असं त्याने ठरवलं, मग तेही केलं नाही. मग बैठक झाल्यावर जाऊ म्हणाला. बैठकीत शेठ म्हणाले, “प्रशिक्षकाने स्वतःच कबूल केलंय. त्याला ठेवला तर लोक आपल्याला वेड्यात काढतील. आणि स्पष्ट बोलतो, आता खालच्या गटात आपल्याकडे दाखवण्यासारखं आहे काय? तुमचं नाव. ते तेवढं स्वच्छ राहू द्या.” हातोड्याच्या जिभेच्या टोकावर वाक्य आलं होतं. माझाच हात होता, एवढंच. तीन शब्द. समोर पाण्याचा पेला होता. त्याने पाणी प्यायलं आणि वाक्यही त्याबरोबर आत गेलं. ढकल्याला मोकळं करायच्या पत्रावर त्याने सही केली. मनात म्हणाला, तात्पुरतं आहे, थोडं निवळलं की परत बोलावू. माणूस स्वतःला किती सहज गुंडाळतो, ते बघण्यासारखं असतं.

सातव्या दिवशी त्याने बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने एक उशीचा अभ्रा झटकला.

“अहो, मग मला काय सांगताय? माझ्याशी कुठे चुकलात तुम्ही?”

त्यानंतरही दोन दिवस गेले.

नवव्या दिवशी, दुपारी, तो ढकल्याच्या दारात उभा राहिला. तिसरा मजला. जिन्यात कुणाच्या तरी सायकली लावलेल्या होत्या. दार ढकल्याच्या बायकोने उघडलं. वीस वर्षं ती त्याला भाऊजी म्हणत आली होती. त्याच्या लग्नात करवलीसारखी मिरवली होती, त्याचं हाड मोडलं तेव्हा इस्पितळात डबे पोचवले होते.

“या साहेब,” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

ती आत निघून गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही.

ढकल्या जमिनीवर बसून एका छोट्या स्टिकच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होता. शेजारी तसल्याच दहा-बारा स्टिकचा ढीग होता.

“बस. खुर्चीवरचे मोजे सरकव.”

“हे काय?”

“मुलींच्या शाळेत लागलोय सोमवारपासून. स्टिक बघ त्यांच्या, झाडू बरे.”

हातोडा बसला. मोजे हातातच राहिले. काय काय जुळवून आणलं होतं ते सगळं विसरला.

“ढकल्या, तो हात माझा होता. मी मागून थाप मारली. पोराने ती बघितली.”

“माहीत आहे.”

“तिने दाखवलं तुला?”

“कुणी कशाला दाखवायला पाहिजे? पोराने मान वर केली तेव्हा त्याची नजर माझ्यावर नव्हतीच. माझ्या डोक्यावरून मागे गेली. अकरा वर्षं मी तसाच बघायचो. मला कळणार नाही, तू मागे उभा आहेस ते?” त्याने पट्टी ताणून दाताने तोडली. “चूक माझीच आहे तशी. ती खूण मी बदलायला हवी होती. नाही बदलली.”

“मग तू बोलला का नाहीस?”

“मला वाटलं, तू बोलशील.” ढकल्याने दुसरी स्टिक उचलली. “त्या जाळीपाशी मी माझं म्हणालो ना, ते तुला जरा श्वास घ्यायला मिळावा म्हणून. हिला घरी येऊन सांगितलं, उद्या सकाळी येतोय बघ तो. ही सकाळपासून दाराकडे कान लावून. दुसऱ्या दिवशीही. मग तुझं पत्र आलं. छान लिहिलं होतंस.”

रडू येईल असं हातोड्याला वाटलं, आणि आलं असतं तर बरं झालं असतं.

“मी उद्याच सगळ्यांना बोलावतो. चित्रण दाखवतो. शेठ काय म्हणायचं ते म्हणोत. तू परत ये.”

“परत नाही यायचा मी.”

“चिडलायस.”

“चिडलो असतो तर बरं होतं रे.” ढकल्या पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघून बोलला. “हातोड्या, अकरा वर्षं मी चेंडू ढकलला आणि गोल तुझ्या नावावर लागले. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. विचार हिला. ते कामच तसं होतं. पण हा हुकलेला चेंडू तुझा होता, आणि तो तू माझ्या नावावर लागू दिलास. नऊ दिवस. त्याचं मात्र वाटलं.”

स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो बंद झाला.

“मी सांगतो सगळ्यांना,” हातोडा पुन्हा म्हणाला.

“सांग. खरं आहे ते सांगावंच. पोराच्या डोक्यावरचंही ओझं उतरेल. पण माझ्यासाठी सांगतोस असं धरून चालू नकोस. आता सांगितलंस की काय होईल, मला दिसतंय.”

“काय होईल?”

ढकल्याने मुठीवरून अंगठा फिरवून पट्टीची कड बसली का ते बघितलं आणि पुढची स्टिक घेतली. हातोडा उठला, मोजे खुर्चीवर ठेवून निघाला. दार त्याचं त्यालाच ओढून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने बातमीदारांना बोलावलं. ते मालकाच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. हातोडा आडपडदा न ठेवता बोलला. चित्रण दाखवलं, थाप दाखवली, शब्द मोडला हे सांगितलं, नऊ दिवस गप्प बसलो हेही सांगितलं. बोलताना त्याचा आवाज एकदा फाटला. मग मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बातमीदाराने टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळ्यांनी वाजवली.

हातोडा “नको, नको” म्हणत हात हलवत राहिला. त्याचाही कुणीतरी फोटो काढला.

त्याच्या पुढल्या सकाळी शेठचा फोन आला, तो आनंदानेच. “अहो, काय केलंत काय तुम्ही! दोघा प्रायोजकांचे निरोप आलेत. असा माणूस आम्हाला हवा म्हणताहेत. हे आधीच का नाही सुचलं आपल्याला?” त्यानंतर फोन खणखणतच राहिला. जुने खेळाडू, शाळेचे मुख्याध्यापक, कधीकाळचे शेजारी. सगळ्यांचं म्हणणं एकच, चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. ढकल्याचं नाव फक्त एकाने काढलं, आणि तेही तो हल्ली काय करतो म्हणून. हातोड्याने मध्येच चार वेळा ढकल्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

व्हिडिओवालीने वर्तमानपत्र टेबलावर आणून ठेवलं आणि गेली. पहिलंच पान होतं. मथळा होता, ‘हातोड्याचे मोठे मन’. खाली विश्वचषकातला तोच फोटो, भिंतीवरचा. स्टिक उंचावलेली, तोंड वासलेलं, मागे फुगलेली जाळी. हातोड्याने चष्मा लावला आणि पान खिडकीजवळ उजेडात नेलं. फोटो उभ्या रकान्यात बसावा म्हणून त्यांनी दोन्ही कडा थोड्या कातरल्या होत्या. डावी कड त्याने बोटाने चाचपून बघितली. पान फिरवून पुन्हा बघितलं. तिथे आता गुडघाही नव्हता.